भासऱ्यांचा आवाज

माझ्या फोनमध्ये माझ्या भासऱ्यांचे दोन व्हिडिओ आहेत. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. एका व्हिडिओत त्यांचा मोठा आवाज आहे, पण तो नीट ऐकू येत नाही. दुसऱ्यात नीट ऐकू येतो, पण तो मोठा नाही. आता त्यांना आवाजच नाही. दोन्ही व्हिडिओ मीच काढले. त्यांतला खरा कोणता, हे मला अजून उलगडत नाही, म्हणून लिहून पाहते आहे. कोणाला दाखवायचं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तरी चार माणसांत बोलण्यापेक्षा मला लिहिणं सोपं वाटतं.

व्हिडिओ काढायला मी कशी शिकले ते आधी सांगायला हवं. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला आमचं घराच्याच पुढच्या खोलीत किराणा दुकान आहे. जिरं, मोहरी, हळद अशा बारीक वस्तूंच्या पुड्या बांधायला आम्ही गोंदियातून रद्दी आणतो. एकदा त्या रद्दीत गुळगुळीत कागदाच्या मासिकांचा गठ्ठा आला. सगळी हिंदी, सगळी व्हिडिओ काढण्याबद्दलची. शहरातला लग्नाचं शूटिंग करणारा कोणी दुकान बंद करून गेला असेल, असं नवरा म्हणाला. गुळगुळीत कागदाची पुडी नीट दुमडत नाही, म्हणून तो गठ्ठा मागे पडला आणि दुपारच्या रिकाम्या वेळी मी तो चाळू लागले.

हिंदी वाचायची मला सवय नव्हती. अक्षरं तीच, पण अर्धे शब्द इंग्रजी. ट्राइपॉड, फोकस, व्हाइट बॅलन्स. एकेक शब्द मी ओठांनी जुळवून वाचायची. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हे मासिक शौकीन लोकांसाठी आहे. आमच्याकडे शौकीन म्हणजे अत्तर लावून पान खात फिरणारा माणूस. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "मग तुह्यासाठी नाही वो हे. तू तर कुंकवाच्या पलीकडं कधी गेली नाही." मी मासिक बंद केलं. तो गिऱ्हाइकाकडे वळला तसं पुन्हा उघडलं.

फोन माझ्याकडे होता. भासऱ्यांच्या मुलीनं, माझ्या पुतणीनं, नवीन घेतल्यावर जुना मला दिला होता. ती लग्न होऊन सुरतेला असते. फोनमध्ये व्हिडिओ निघतो हे मला माहीत होतं. मासिकात लिहिलंय तसं करून पाहावं म्हणून मी सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी गोंधळले.

लिहिलं होतं, टेप आधी रिकामी चालवून घ्या. फोनला टेप कुठे असते ते मी सगळीकडून उलटंसुलटं करून पाहिलं. लिहिलं होतं, काम सुरू करण्याआधी कॅमेऱ्याला पांढरा कागद दाखवा, म्हणजे त्याला पांढरं काय ते कळेल आणि बाकीचे रंग खरे येतील. मी साखरेच्या पुडीचा कोरा कागद फोनसमोर धरला. बराच वेळ धरला. फोनला काही कळलं असं दिसलं नाही. दुकानात तेल घ्यायला आलेल्या माणसाला नवऱ्यानं बोलावून दाखवलं, "पाहा जी, आमची बाई फोनले वाचाले शिकवून राहिली."

तो माणूस म्हणाला, "शिकला की आमच्याकडे पाठवजो. आमच्या पोट्ट्याले पण शिकवन."

मी आत निघून गेले. पण कागद दाखवायचं सोडलं नाही. मासिकं जुन्या, टेपवाल्या मोठ्या कॅमेऱ्यांची आहेत आणि माझा फोन तसा नाही, हे मला फार उशिरा समजलं. समजल्यावरही मी दर वेळी आधी पांढरा कागद दाखवायची. देवासमोर बसताना हात धुतो तसं काहीतरी वाटायचं.

दुसरा गोंधळ आम्हीच केलेला होता. गठ्ठा मागे पडण्याआधी त्यातली बरीच पानं फाडून पुड्या बांधून झाल्या होत्या. एखादा लेख रंगात यायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, पुढचं अमुक पानावर. ते पान उलटून पाहावं तर फाडलेली कड. ते कोणाच्या तरी जिऱ्याबरोबर गेलेलं. आवाजाच्या लेखाचंही असंच झालं. माइकला वारा लागला की फडफड येते, म्हणून त्यावर कापड किंवा स्पंज गुंडाळावा, असं लिहिलं होतं. मग 'पण कापड निवडताना' एवढ्यावर पान संपलं. पुढचं पान शेजारणीकडे गेलं असावं, कारण त्याच आठवड्यात तिनं बडीशेप नेली होती. मी दोन दिवस विचार करून तिच्या दारात गेले. काय मागायला आले हेच मला नीट सांगता येईना. शेवटी म्हटलं, बडीशेपेचा कागद.

ती हसत सुटली. "अरे भाभी, बडीशेप वापस चाहिये क्या?"

"नाही, कागद."

"कागद तो मैंने डिब्बे में बिछा दिया था. गीला हो गया, फेक दिया. उसमें क्या लिखा था ऐसा? लॉटरी लगी थी?"

मी मान हलवली आणि घरी आले. कापड निवडताना काय, ते मला कळलं नाही.

तरी मी शिकत राहिले. वरणाचं झाकण वाफेनं उचलतं आणि बसतं, ते काढलं. दुकानाच्या पायरीवर बसून समोरच्या रस्त्यानं गोंदियाला कामाला जाणाऱ्या मोटारसायकली काढल्या. एका अंकात लिहिलेलं असायचं, उजेड पाठीमागे ठेवा. दुसऱ्या अंकात असायचं, उजेड समोरून आला की चित्र सुंदर दिसतं. मी दोन्ही करून पाहायची आणि कोणतं बरोबर ते ठरत नसे. माणसं मात्र मी काढत नव्हते. माणसाला सांगावं लागतं, जरा इकडे व्हा, तिकडे पाहा. ते मला जमण्यातलं नव्हतं.

एक गोष्ट तेवढी वाचताक्षणी कळली. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामध्ये जमिनीवर एक रेघ आहे असं समजा, आणि कॅमेरा घेऊन ती रेघ ओलांडू नका, असं होतं. ओलांडली तर पाहणाऱ्याला कोण कुठे बसलंय ते समजत नाही. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "कोठची रेघ? कोण मारली?" पण मला ती रेघ ठाऊक होती. भासऱ्यांच्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून तशाच रेघेच्या अलीकडे राहत आले होते.

आमच्यात धाकटी सून भासऱ्यांच्या समोर जात नाही. ते छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, असले की आपण आत. वाटेत गाठ पडली तर पदर पुढे ओढून बाजूला थांबायचं. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहायचं नाही. काही सांगायचंच असेल तर जाऊबाईंना सांगायचं, मग त्या सांगणार, आणि भासरे मध्ये दोन हातांवर बसलेले असले तरी ऐकलंच नाही असं करणार. कोणी कोणाला वाईट वागवत नाही, तो मान आहे. आता पुष्कळ घरांत राहिला नाही. आमच्या घरात तो कोणी मोडला नाही, इतकंच. त्यामुळे मी भासऱ्यांचे पाय ओळखत होते, त्यांचा दुपट्टा ओळखत होते आणि सगळ्यांत जास्त आवाज ओळखत होते. चेहरा मला लग्नाच्या फोटोतला माहीत होता.

आवाज फार मोठा होता. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे आमचं मूळ गाव, भासरे तिथेच राहतात. गावाला जुना तलाव. घराण्यातल्या कोणत्या तरी पिढीनं तो बांधायला हात लावला असं सांगतात. तलावाच्या बांधाला आम्ही पार म्हणतो. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत पाऊस ओढ देतो, तेव्हा पाळीनं पाणी सोडतात, आणि सोडलं की भासरे पारीवर उभे राहून हाक देत. "पाणी आलं होऽऽ." शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभ्या असलेल्या माणसालाही ती ऐकू जायची. आता सगळ्यांकडे फोन आहेत, पण फोन केला तरी लोक विचारत, अजून हाक नाही आली, खरंच सोडलं का?

मी व्हिडिओ शिकत होते त्याच वर्षी त्यांचा आवाज बसला आणि उठेना. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन बसला असेल म्हणत महिने गेले. मग नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, घशातलं बोलायचं यंत्रच काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. भरती व्हायचा दिवस ठरवून ते गावी परत आले.

पुतणीचा मला फोन आला. तिला सातवा महिना होता, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. आधी ती रडली. मग म्हणाली, "काकू, बाबांचा आवाज घेऊन ठेव. माह्या लेकराले आजा कसा बोलत होता ते कळलं पाहिजे. पारीवरची हाक घे. तुले येते ना व्हिडिओ? मी पाहिली होती तुही ती झाकणाची."

मी म्हटलं, "मी त्यांच्यासमोर कशी जाऊ?"

"मले माहीत नाही काकू. गावातले भाऊ लोक व्हिडिओ काढताना नुसते फोन हलवतात. तू जा."

मला काही सुचेना. मासिकात पाहिलं. लिहिलं होतं, माणसाचा व्हिडिओ काढताना फोकस डोळ्यांवर ठेवा. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. डोळ्यांवर.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून गावी गेले. चुलीजवळ बसून जाऊबाईंना विचारलं, फोनच्या काचेत त्यांना पाहिलं तर ते पाहणं होते का?

जाऊबाई भाकर थापत होत्या. त्यांनी हात थांबवला. "फोनात पाहणं म्हणजे पाहणं नाही होत."

"मग काय होते?"

"मले काय माहीत? पुस्तकं तू वाचते." मग भाकर उलटून म्हणाल्या, "काढ बापा. मी सांगतो त्याहिले. आवाज गेल्यावर मान कोणाचा ठेवतेस?"

पारीवर आम्ही चौघं गेलो. नवरा खाली, पाणी सोडायच्या मोरीपाशी उभा राहिला, हाक पोचली की लांबून हात करायला कोणी हवं म्हणून. जाऊबाई माझ्याजवळ. भासरे आमच्या समोर, तलावाकडे पाठ करून, धानाकडे तोंड करून. वारा जोराचा होता. मला आवाजाचा लेख आठवला. माइकवर कापड. स्पंज माझ्याकडे नव्हता, पण पदर होता, आणि तो तसाही ओढलेलाच होता. मी पदराचं टोक फोनच्या खालच्या बाजूला गुंडाळलं आणि त्याच मुठीत फोन धरला. एका हातानं मान राखला गेला आणि वाराही अडला. मासिकातलं आणि घरातलं दोन्ही एकदम जमलं म्हणून मला त्या क्षणी फार बरं वाटलं. पांढरा कागद मी आधी दाखवला होता.

जाऊबाई म्हणाल्या, "द्या जी हाक. पोरीनं मांगतली आहे."

भासरे म्हणाले, "पाणी तर सोडलं नाही. खोटी हाक कशी देऊ? लोकं बांध्या सोडून येतील."

"नाही येत. सगळ्याहिले माहीत आहे काऊन देऊन राहिले ते."

त्यांनी दुपट्टा खांद्यावर नीट केला. मी काचेत पाहत होते. काचेत त्यांचा चेहरा होता. नवऱ्यासारखाच, फक्त भुवया पांढऱ्या. हे माणूस असं दिसतं होय, असं मला वाटलं, आणि लगेच वाटलं की हे पाहणंच आहे, जाऊबाई काही म्हणोत. मी पदर आणखी पुढे ओढला.

मग त्यांनी हाक दिली. बसलेल्या घशातून इतकी मोठी हाक निघेल असं कोणाला वाटलं नव्हतं. शेवटाला ती फाटली, तरी त्यांनी सोडली नाही, श्वास संपेपर्यंत ओढली. दूरच्या बांधीतून कोणीतरी उलट हाक दिली, "आलं होऽऽ." पाणी आलेलं नव्हतं. भासरे खाली बसले आणि खूप खोकले. जाऊबाईंनी त्यांची पाठ धरली. नवरा खालून धावत आला. मी फोन बंद करायचं विसरले.

संध्याकाळी कुडव्याला आल्यावर नवऱ्यानं व्हिडिओ लावला. चित्र स्थिर होतं, उजेड चांगला होता, डोळे दिसत होते. आवाजाच्या जागी सळसळ होती. धान पाखडताना येते तशी, सारखी, जवळून. तिच्या मागे कुठेतरी लांब भासरे ओरडत होते.

नवरा म्हणाला, "हा पाऊस कोठचा?"

त्यानं पुन्हा लावला. मी माझा हात पाहिला, मूठ तशीच वळली होती. साडी जॉर्जेटची होती. मी पदर बोटांत चोळून कानाजवळ नेला. तोच आवाज.

"पदर आहे," मी म्हटलं.

नवरा हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "उद्या दुपारच्या गाडीनं निघून राहिले ते नागपूरले. सकाळी जाऊ."

सकाळी गेलो तेव्हा बोचकी बांधून झाली होती. जाऊबाईंना सांगितलं, पुन्हा घ्यावं लागेल. त्या छपरीत जाऊन म्हणाल्या, "धाकटी म्हणते, पुन्हा द्याची आहे हाक."

आतून मला ऐकू आलं. भासऱ्यांचा आवाज कालच्या हाकेत गेला होता. कुजबुजण्याच्या थोडाच वर उरला होता. ते म्हणाले, "आता कोठून देऊ?"

मी दाराआड उभी होते. काल मी नीट धरलं असतं तर आज मागावं लागलं नसतं, आणि आज मागून मिळण्यासारखं काही नव्हतं. तरी घ्यायचं तर होतंच. मी दाराच्या चौकटीकडे तोंड करून म्हटलं, "हाक नाही म्हणा. नुसतं बोला म्हणा."

जाऊबाई भिंतीला टेकलेल्याच होत्या. त्यांनी तेच शब्द सांगितले.

आज फोनला हात लावायचा नाही, असं मी रात्रीच ठरवलं होतं. ट्राइपॉड नसेल तर वाळूची पिशवी चालते, हे वाचलेलं होतं. छपरीत मागच्या हंगामातल्या धानाची चुंगडी होती, पोतं म्हणतात ते. भासरे खाटेवरून उठून बाहेर पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी चुंगडीवर खळगा करून फोन बसवला, कागद दाखवला, सुरू केला आणि पुन्हा दाराआड गेले. पदर फोनपासून लांब. आता काही चुकणार नाही असं वाटलं.

भासरे येऊन बसले. फोनकडे पाहिलं.

"बोला ना जी," जाऊबाई म्हणाल्या.

"कोणाले बोलू? ह्या डब्बीले?"

"पोरीले बोला."

"पोरगी कोठी आहे येथं?"

फोन चालूच होता. बाहेर स्टेशनला न्यायला आलेल्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. मला मासिकातलं एक वाक्य आठवत होतं आणि आठवू नये असं वाटत होतं. बोलणाऱ्याला समोर चेहरा लागतो, कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला कोणीतरी बसावं. जाऊबाई बसू शकल्या असत्या. मी त्यांना खुणावलं. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागल्या. त्यांच्याकडे पाहून ते बोलले असते तर दोघंही रडले असते, हे मला तेव्हा कळलं नाही, आता वाटतं. नवरा गाडीवाल्याला थांबवायला गेला होता.

मी दाराआडून बाहेर आले. चुंगडीच्या बाजूला जमिनीवर बसले. पदर डोक्यावर होता, हात मांडीत होते. मान वर केली.

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा सरळ मला विचारलं, "पुस्तकात काय लिवलं आहे? काय बोलाचं असते?"

मला ठाऊक नव्हतं. सगळ्या अंकांत कसं काढायचं ते होतं. काय बोलायचं ते कुठेच नव्हतं, किंवा असलं तरी कोणाच्या पुडीत गेलं असेल. मी मान हलवली, नाही.

"बरं," ते म्हणाले, आणि बोलायला लागले. पोटातल्या नातवाला. "तुही माय लहान होती ना, तर दिवसभर पारीवर राहे. सांजच्याला मी हाक मारो. सारं गाव ऐके, हेच पोट्टी ऐकत नसे. ऐकू येत होतं बरं का तिले. पण घरी येत नसे. मग मी जाऊन कान धरून आणो." ते थांबले, थुंकी गिळली, गिळताना डोळे मिटले. "तू पण नको येजो एका हाकेत. आता तर मी मारनच नाही. तू आपल्या मनानं येजो."

एवढंच. सगळं त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितलं, जणू ते लेकरू मीच होते. मग उठले आणि गाडीत जाऊन बसले.

पुतणीला कोणता पाठवू हे मला समजेना. हाक हवी असं तिनं सांगितलं होतं, आणि हाकेत माझा पदर होता. बोलण्यात सगळं स्वच्छ होतं, पण ज्यानं ते कधी ऐकलं नाही त्याला वाटेल की आजा असाच बारीक बोलायचा. ते तर खोटं झालं. मी दोन दिवस काहीच पाठवलं नाही. शेवटी तिनंच रागावून फोन केला, "काकू, फिलिम बनवून राहिली का? दोन्ही पाठव." पाठवले. खूप वेळानं तिचं उत्तर आलं, "माहा कान अजून दुखते." एवढंच. ती हसून लिहीत होती की रडून, ते लिहिण्यात दिसत नाही.

भासरे परत आले तेव्हा धान घरात आलं होतं. गळ्याला श्वासासाठी भोक आहे, त्यावर पांढरी पट्टी असते. पुतणीला मुलगी झाली होती. मी जाऊबाईंच्या मदतीला गेले होते. अंगणात उन्हात खाट टाकून भासरे बसले होते. मी बाजूनं निघाले, पदर ओढून. त्यांनी खाटेच्या लाकडावर टकटक केलं. मी थांबले. त्यांनी अंगठा हवेत वर-खाली केला, फोनवर करतात तसा.

जाऊबाई आतून म्हणाल्या, "दाखव वो. केव्हाचे मागून राहिले."

मी हाकेचा व्हिडिओ लावला आणि फोन खाटेवर ठेवून मागे सरकले. त्यांनी तो कानाशी धरला. सळसळ सुरू झाली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, फोन लांब धरून पाहिला, पुन्हा कानाशी नेला. मग फोनकडे बोट दाखवलं, कानाकडे दाखवलं आणि हात उलटा करून विचारलं, हे काय?

जाऊबाई बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वारा असन. त्या दिवशी मोठा वारा होता."

भासऱ्यांनी मान डोलावली. ते त्यांना पटलं होतं. ते तसंच राहू देता आलं असतं. पण नंतर कधी पुतणीच्या मुलीनं विचारलं असतं, आजाच्या आवाजात हे काय आहे, तर सगळ्यांनी वारा सांगितला असता. मी जाऊबाईंकडे वळले, त्यांना सांगावं म्हणून, आणि तोंड उघडलं तेव्हा भासऱ्यांकडेच पाहत होते.

"वारा नाही जी," मी म्हटलं. "माझा पदर आहे."

जाऊबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. भासरे माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक घेतलं, कानाजवळ नेऊन दोन बोटांत चोळलं आणि ऐकलं. पुन्हा चोळलं. त्यांचे खांदे हलायला लागले. गळ्याच्या पट्टीतून हवा फुस्स फुस्स बाहेर येत होती. मला आधी वाटलं त्रास होतोय, मी जाऊबाईंना पुढे बोलावणार होते. मग दिसलं की ते हसत आहेत. पदराला हसत होते, की मी बोलले त्याला, की इतक्या वर्षांनी माझा आवाज कसा निघाला त्याला, ते मला कळलं नाही. त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला विचारता येत नव्हतं.

हसणं थांबल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढे केला आणि अंगठा पुन्हा वर-खाली केला.

मी खाटेच्या पायाशी बसले आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावला.